पाठीवरचा भुसा

१४ नोव्हेंबर
जावईबापू झोपले, आता थंडी सरेपर्यंत. नाव हिनं ठेवलेलं. बागेत सापडलेला हेजहॉग, अंगभर काटे. खातो, झोपतो, जरा काही बोललं की फुगतो, म्हणून जावईबापू. हिला जाऊन महिना झाला. शेवटी एकच सांगितलं, थंडी सरली की त्याला बागेत सोडा, तुम्ही विसराल. मी? जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलंय.
संकल्प: तो उठेपर्यंत आपण माणसात यायचं. रोज दाढी. स्वतःचा स्वयंपाक.

१५ नोव्हेंबर
त्याचा खोका मागच्या व्हरांड्यात, गारठ्यात. पाठीवर चिमूटभर लाकडाचा भुसा ठेवला. शास्त्रीय पद्धत. उठला तर भुसा सांडतो, आपल्याला कळतं. आता ठोके अगदी मंद, अंग हवेइतकं गार. एक-दोन आठवड्यांनी जाग येतेच; तेव्हा अंग तापवायला साठवलेली चरबी भसाभस जळते.
दाढी उद्यापासून.

२ डिसेंबर
भुसा सांडला होता! पाणी प्यायला, परत झोपला. लेकीला फोन करून सांगितलं. ती विचारते, बाबा, जेवलात का? विषय काय, प्रश्न काय. पोळी करपली. तवाच खराब आहे.

२९ डिसेंबर
भुसा जागेवर. काही प्राणी काटकसरी असतात.

१८ जानेवारी
भुसा जागेवर. बहुतेक विक्रम होणार. लेक आली होती. म्हणाली, हात लावून बघा, झोपलेला असेल तर काटे जरा हलतील, तुम्हीच शिकवलंत. झापलं तिला. उगाच उठवलं तर चरबी जळेल, ती कोण भरून देणार? मग आईच्या बाजूची चादर बदलू का म्हणाली. नको म्हटलं. तिथं कोणी झोपत नाही, मळेल कशी?

२० फेब्रुवारी
व्हरांड्यात वास. मोरीचाच. प्लंबर बोलावला. मोरी साफ आहे म्हणाला, खोक्याकडे बघितलं आणि पैसे न घेता गेला. हल्ली कोणाला काम नको असतं.

४ मार्च
थंडी सरली. दाढी केली, हनुवटी कापली. खोका बागेत नेला. हात लावला.
काटे हलले नाहीत.
हिच्या मोगऱ्याशेजारी खड्डा खणला. भुसा पाठीवर तसाच होता, झटकवेना. भुशासकट ठेवला.
विसरलो नाही, हे हिला सांगायला आत गेलो. तिच्या बाजूच्या चादरीला एकही सुरकुती नव्हती.