गर्दीतून परत आलेले अकरा चेंडू

क्लीव्हलंड, १२ ऑगस्ट १९४३

लाडक्या हॅटी,

काल आमचा संघ पुन्हा हरला, सलग चौदाव्यांदा. गुडघा बरा आहे, काळजी नको. तरणी पोरं सगळी लढाईवर, म्हणून बेसबॉलला माझ्यासारखे बेचाळिशीचे. "आजोबा, काठी कुठे विसरलात?" लोक ओरडतात. मीही हसतो.

कोंबड्या अंडी देतात का? आपल्या लॉइडचं आघाडीवरून काही आलं?

हल्ली गर्दीत गेलेला चेंडू लोक घरी नेत नाहीत, सैनिकांसाठी परत टाकतात. काल मी फेकलेले चेंडू समोरच्या संघाने इतके बदडले की अकरा जमले. आघाडीवर जाणारी चेंडूंची पेटी बंद होण्याआधी मी प्रत्येकावर बारीक अक्षरात लिहिलं, "लॉइड, आईला पत्र लिही."

तुझाच,
ऑर्विल