सगळ्यांचं एफ-फाइव्ह

नाशिक, मंगळवार, ऑगस्ट २००१

आज जोशी सरांनी ऑफिसातल्या दोन नवीन मुलींना एफ-फाइव्ह शिकवलं. माझं एफ-फाइव्ह. आमचं सगळ्यांचं लॉगिन एकच, म्हणून जूनमध्ये मीच कोड लिहायच्या एडिटरची सेटिंग सगळ्यांसाठी बदलून ठेवली होती. एफ-फाइव्ह दाबलं की कोडची ओळ आत सरकते, एफ-सिक्सने परत बाहेर येते. त्याआधी सगळे स्पेसबार बडवत बसायचे. सरसुद्धा.

"ही आपल्या ऑफिसची पद्धत आहे, मी बसवलीय," म्हणाले. वर माझ्याकडे वळून, "मॅडम, तुम्हीही बघून घ्या, उपयोगी पडेल." मी बघून घेतलं. मान का डोलावली पण?

बसमध्ये पंचवटी येईपर्यंत ठरवत होते, उद्या लवकर जाऊन दोन्ही बटणं उलटी करून ठेवायची. दाबू देत सरांना एफ-फाइव्ह, जाऊ दे ओळ बाहेर, त्या मुलींच्या देखत. पण लॉगिन एकच. सरांची बटणं उलटली की माझीही उलटणार, आणि माझ्या बोटांना आता दुसरी सवयच नाही.

म्हणजे उद्याही मी एफ-फाइव्हच दाबणार. सरांनी शिकवलेलं.