कपाटाला खिडकी

ता. २ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

जमीन घेतली! हे वाक्य मोठ्यानं वाच, म्हणजे खालच्या छापखान्यातल्यांनाही कळेल. ही शेतीची वसाहत इतकी नवी आहे की रस्त्यांना अजून वळायची सवय नाही. दोन तुकडे शिल्लक होते. एक रस्त्यालगतचा, सपाट, बघताक्षणी भुरळ पाडणारा. दुसरा मागच्या उतारावरचा, अंगानं जरा ओबडधोबड. तू दिलेली काचेची बरणी घेऊन दोन्हीकडे गेलो, माती पाण्यात ढवळली आणि दिवसभर ठेवली. रस्त्यालगतच्या मातीत निम्मी वाळू खाली बसली. उतारावरची मात्र छान गाळाची निघाली, म्हणून तीच घेतली. विहिरीचं पाणीही पिऊन पाहिलं, गोड आहे. शेजारच्या कोंबडीवाल्या काकू म्हणाल्या की बरणी घेऊन जमीन बघायला आलेला माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मी सांगितलं, बरणी माझी, अक्कल ताईची.

आता एक अट. पंचवीस तारखेला जमीन कचेरीचे साहेब तपासणीला येणार. त्या दिवशी इथे घर हवं. छप्पर, बंद होणारं दार, खिडकी आणि पेटती चूल, सगळं हवं. शिवाय घरात निदान दोन माणसं राहती हवीत. यातलं एकही कमी पडलं तर जमीन यादीतल्या पुढच्या कुटुंबाला. घराची काळजी तू करू नकोस, सुताराला वीस दिवसांत घर म्हणजे हातचा मळ. तू फक्त वीस तारखेच्या आत ये.

लोभ आहेच, जमिनीइतकाच पक्का.
तुझा,
भिंगरी


ता. ६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मोठ्यानं वाचलं. छापखानावाल्यांनी यंत्र थांबवून विचारलं की कोण गेलं.

महिनाअखेर खोली सोडते असं घरमालकाला सांगून टाकलं. मेला इतका खूश झाला की मला वाईटच वाटलं. काल नवी भाडेकरीण खोली बघूनही गेली, म्हणजे मागचे दोर कापले. बावीस वर्षं या खोलीत शिवतेय रे. खिडकी आहे म्हणायला, पण उघडली की समोर हातभरावर गोदामाची भिंत. भर दुपारी दिवा लावून सुईत दोरा ओवते. मला बाकी काही नको. मशीन ठेवायला पूर्वेकडची एक खिडकी दे, सकाळचं ऊन हातांवर पडेल अशी.

सामानाची यादी नीट वाच. दोन खाटा, एक पातेलं, एक बादली, एक कंदील. चूल दारासमोर मांडू नकोस, दाराच्या उजव्या अंगाला मांड, म्हणजे धूर आत येणार नाही. बादली विहिरीवर विसरू नकोस. आणि यादीबाहेरची एकही वस्तू आणलीस तर बघ. मागे तुला झाडू आणायला पाठवलं होतं तर होडी घेऊन आलास, आणि नदी तीन कोस लांब!

लोभ पुष्कळ, विश्वास यादीपुरता.
तुझी ताई


ता. १२ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

आधी बस, मग वाच.

इथून परत जाणाऱ्या एका कुटुंबाच्या सामानाचा लिलाव झाला. पातेलं, बादली, कंदील घेतला. खाटा मी पोचायच्या आधीच संपल्या होत्या. मग एक कपाट घेतलं. अस्सल सागवानी, दोन दारांचं, माझ्याहून वीतभर उंच. आत मी आडवा झोपू शकतो, झोपून पाहिलं. ते आणायला सहा माणसं आणि दोन बैल लागले. बैलांनी माझ्याकडे अगदी तुझ्या नजरेनं पाहिलं.

रागावण्याआधी ऐक. तुझे कापडाचे तागे बावीस वर्षं खाटेखाली आहेत आणि त्यातले अर्धे उंदरांनी आपलेच समजले आहेत. ते कपाट दिसलं आणि मला तुझे तागे त्यात रचलेले दिसले. मला राहवलं नाही, एवढंच.

एक बारीकशी चूक झाली. दाराची चौकट आधी बसवली होती आणि कपाट त्यातून जाईना. म्हणून ते जागेवर उभं करून त्याच्या भोवती घर बांधतोय. तीन भिंती झाल्या. पूर्वेला कपाट आहे, तिथली भिंत राहिली आहे. छपराचे पत्रे स्टेशनात अडकलेत, उद्यापरवा येतील.

राग पोचेलच, मागोमाग लोभही पाठव.
तुझा,
भिंगरी


ता. १७ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. या खेपेला मोजकेच.

तुला खाटा आणायला सांगितल्या आणि तू दारातून न जाणारं कपाट आणलंस! सुतार ना रे तू? लोकांच्या घरी जाऊन दारं मोजतोस आणि स्वतःच्या घरी डोळे मिटतोस? जमीन हातची गेली तर आपण दोघं त्या कपाटातच राहू, दुसरं काय.

आता माझंही ऐक, आणि हसू नकोस. मला अठ्ठावीसच्या आत निघता येणार नाही. दवाखान्याच्या साठ ॲप्रनचं काम अंगावर आहे आणि मोठ्या नर्सबाईंना शब्द देऊन बसलेय. तारखेचा हिशेब करताना तपासणी धरली, ॲप्रन विसरले. तुला आयुष्यभर याद्या देणारी मी, मीच चुकले. दोन माणसं हवीत तिथे तू एकटा असशील, याची धास्ती बसलीय. खोलीही गेली, जमीनही जाईल असं सारखं मनात येतं. काहीतरी कर रे बाबा. आणि चूल उजवीकडेच.

तुझी काळजीत पडलेली,
ताई


ता. २५ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

साहेब आत्ताच गेले. उभ्याउभ्याच लिहितोय, अक्षर समजून घे.

पत्रे आले नाहीत. साहेब जाड चष्म्याचे, काखेत नियमांची वही. तीन भिंती पाहिल्या, वर आभाळ पाहिलं आणि म्हणाले की छप्पर नाही तर घर नाही. तेवढ्यात तुझं वाक्य आठवलं. मी कपाट उघडलं आणि म्हटलं, घर हे आहे, बाकीचं अंगण समजा. साहेबांनी वही उघडली. छप्पर? आहे. दार? मी आत जाऊन लावून घेतलं आणि आतून नमस्कार केला. चूल? त्याच दाराच्या उजव्या अंगाला पेटलेली. खिडकी? तिथे अडलो. पाच मिनिटं मागितली आणि करवत काढली. ते म्हणाले, कुठूनही काप, पण लवकर. पण कुठूनही कशी कापू? मागे गेलो आणि पूर्वेची फळी कापली.

मग म्हणाले, दुसरं माणूस कुठे? माझ्याकडे तुझी दोन पत्रं होती, तीच दिली. साहेबांनी उभ्यानं वाचली, चुलीचं दोनदा वाचलं. मग सोबतच्या कारकुनाला म्हणाले की जी बाई एवढ्या लांबून चुलीची जागा आणि बादलीची काळजी करते ती इथे राहतेच, शंका आहे ती या गृहस्थाची. कुटुंबप्रमुख म्हणून तुझं नाव लिहिलं, ताई! जमीन आपली झाली!

आता पूर्वेला वेगळी भिंत बांधत नाही, कपाटच भिंत. तागे वरच्या खणात राहतील. खालची फळी काढली की तुझं मशीन आत बसतं, वीतभर जागा उरते, या वेळी मोजलंय.

लोभ मागत नाही, आज नक्की मिळणार आहे.
तुझा,
भिंगरी


ता. २९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद.

ॲप्रन काल पोचते केले. उद्याच्या गाडीनं निघतेय. हे पत्रही त्याच गाडीनं येईल, तरी लिहितेय, कारण तुझ्या साहेबांचा नेम नाही, दुसरी तपासणी आली तर हाताशी असावं.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की छापखानावाले वर आले, आणि आले तेव्हा मी रडत होते. कापलेली फळी जाळू नकोस, बिजागऱ्या लावून तिचीच झडप कर. खाटा मी इथून आणतेय, तुझ्यावर सोडत नाही.

आत्ता दुपारचे बारा वाजलेत आणि हे दिवा लावून लिहितेय. दिवा नव्या भाडेकरणीसाठी ठेवून येते. तिला लागेल.

राग, लोभ सगळं बरोबरच घेऊन येतेय.
तुझी ताई