जसाच्या तसा

॥ श्री ॥
बँकॉक, १४ ऑगस्ट १९७८

ति. इंदुताईस श्रीधरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि भिवापुरी तिखटाची पुडी एकदमच पोचली. पत्राला तिखट लागलं होतं. तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शिंकलो.

भाषा कुठवर आली म्हणून विचारतेस? ताई, तिचं नाव काढू नकोस. शब्द पाठ होतात गं, पण इथे प्रत्येक शब्दाला सूर असतो आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. परवा एकाला विचारलं, टपाल कचेरी कुठे? तो म्हणाला, 'क्लाय'. माझ्या वहीत क्लाय म्हणजे जवळ. भर उन्हात तासभर चाललो. मग कळलं, क्लाय सपाट म्हटलं तर लांब, आणि वरून खाली सोडलं तर जवळ. त्या बिचाऱ्याने खरंच सांगितलं होतं, मला दोन्ही एकच ऐकू येतात. आमच्या गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात मालई नावाच्या एक वयस्क बाई आहेत. इथे मावशीला 'पा' म्हणतात, म्हणून मी मोठ्या आदराने हाक मारली, तर सगळं खातं हसून लोळलं. सूर चुकल्यामुळे मी त्यांना जंगल म्हणालो होतो. आता त्यांनीच मला जेवणाच्या सुट्टीत शिकवायचं पत्करलं आहे.

हसण्यावारी नेतो आहे, पण मनात धाकधूक आहे. डिसेंबरात तोंडी परीक्षा. कामगारांशी त्यांच्या भाषेत बोलता आलं तर विणाई-मास्तर म्हणून कायम, नाही तर घरी. माझ्या आधीचे मास्तर असेच परत गेले. तांडापेठेत आपल्या लोकांचे माग एकेक करून बंद पडताहेत, मी परत येऊन विणणार काय?

बाबांचा खोकला कसा आहे? शेजारच्या गल्लीतल्या मागावर धागा तुटला तरी त्यांना खाटेवरून ऐकू यायचं. तो कान मला का आला नाही, देव जाणे.

बाबांना दंडवत. तुझा लोभ आहेच, तिखटासारखा तोही अधूनमधून पाठवत जा.
तुझा,
श्रीधर

॥ श्री ॥
नागपूर, ३० ऑगस्ट १९७८

चि. श्रीधरास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं 'जंगल' बाबांना वाचून दाखवलं. हसता हसता इतके खोकले की वह्या तपासायच्या सोडून मला पाण्यासाठी पळावं लागलं. मग म्हणाले, "त्याले लिही, मागाकडे पाहू नको गा, आयक." तू लहानपणी मागावर बसलास की डोळे फाडून धागेच बघत राहायचास. त्यावर ते किती चिडायचे!

कान तुला नाहीच, आणि आई असती तर तिने साक्ष दिली असती. बाबांचे दोन 'राहू दे' आठवतात का? पातोडीचा रस्सा वाढायला गेलं आणि बाबा तुटक 'राहू दे' म्हणाले, तर खरंच नको. 'राहूऽ दे' असं ओढून खाली सोडलं, तर वाढ. आई त्यांच्याकडे न बघता वाढायची. तू वाढायला आलास की दोन्हींना भांडं उचलून पुढे सटकायचास, आणि बाबा असे मानी की तोंडाने मागायचे नाहीत, कोरडाच भात खायचे. एकदा आई म्हणाली होती, "पोरा, तुह्या हातानं तुहा बाप उपाशी राहीन." आपण सगळे पोट धरून हसलो होतो.

खोकला आहे. कापसाच्या तुसाने छाती धरली आहे, असं डॉक्टर म्हणाले. तू जीव लावून शीक. त्या पा मालईंना माझा नमस्कार सांग, पण सुरात सांग.
तुझी,
इंदुताई

॥ श्री ॥
बँकॉक, १६ ऑक्टोबर १९७८

ति. इंदुताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बाबा आठ दिवस दवाखान्यात होते आणि तू मला घरी आणल्यावर कळवतेस? तुझा राग आला, आणि मग तू एकटीने काय काय केलं असशील ते आठवून माझाच आला.

साहेबांकडे गेलो होतो. रजा मिळेल म्हणाले, पण डिसेंबरची परीक्षा हुकली तर दुसरी नाही, म्हणजे नोकरी गेली. परीक्षा देऊन मार्चमध्ये आलो तर हक्काची रजा. दोन दिवस डोकं धरून बसलो, माझ्याने ठरत नाही. तू बाबांना सरळ विचार की श्रीधरने यावं का. ते म्हणतील तसं करीन. एकच कर. त्यांचा शब्द जसाच्या तसा लिही. तुला पदरचं घालायची खोड आहे. एका वाक्याचा तू निबंध करतेस आणि मग त्यात बाबा कुठले नि मास्तरीणबाई कुठल्या, ते मला समजत नाही.

पत्राची वाट बघतो आहे.
तुझा,
श्रीधर

॥ श्री ॥
नागपूर, २८ ऑक्टोबर १९७८

चि. श्रीधरास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना दोनदा वाचून दाखवलं आणि मग त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा विचारलं. म्हणाले, "राहू दे."

तू बजावलं होतंस, म्हणून एवढंच लिहिते, पदरचं काही नाही.

काकांचा बळीराम रोज संध्याकाळी येऊन बसतो, त्यामुळे बाबांचा वेळ जातो. थंडी पडू लागली आहे. अभ्यास सोडू नकोस.
तुझी,
इंदुताई

बँकॉक, २० डिसेंबर १९७८

ति. इंदुताईस नमस्कार.

अकरा तारखेला परीक्षा झाली. तेराला पास झाल्याचं कळलं, तशी तुला तार करायला धावत खाली उतरलो, तर दारातच तारवाला उभा. बाबा आदल्या दिवशीच गेले होते. अग्नी बळीरामने दिला. तो माझ्या हातून व्हायला हवा होता. त्याचे उपकार मी कसे फेडू?

पा मालई मला डोळे मिटायला लावायच्या. त्या 'क्लाय' म्हणायच्या. जवळ ऐकू आलं तर मी हात छातीशी घ्यायचा, लांब ऐकू आलं तर समोर पसरायचा. तीन महिने नुसते हातवारे. नोव्हेंबरात एके दिवशी कानातलं बूच निघावं तसं झालं आणि पुन्हा चुकलो नाही. काल त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. वडिलांचं घर इथून जवळ की लांब, असं त्यांनी विचारलं. तो 'जवळ' वरून खाली उतरला आणि मला बाबा ताटावर बसलेले दिसले.

ताई, त्या दिवशी कोणतं 'राहू दे' होतं? तुझं पत्र पुन्हा काढून बघितलं. शाईत ते दिसत नाही. तेव्हा मला सुचलं नाही, असं म्हणू का? खोटं होईल. सुचलं होतं. त्याच्या दोनच महिने आधी तू ती रश्श्याची गोष्ट लिहिली होतीस. पण विचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस, म्हणून विचारलं नाही. मला सोयीचं होतं ते वाचलं आणि वही उघडून बसलो.

आता विचारतो. खरं लिही.
श्रीधर

नागपूर, ४ जानेवारी १९७९

प्रिय श्रीधर,

ओढलेलं होतं.

लिहायला बसले तेव्हा ते माझ्या कानात होतं. 'हू' वर किती रेंगाळले, ते मी आत्ताही म्हणून दाखवीन. एक ओळ वाढवली असती तर तू आला असतास. तू बजावलं होतंस खरं, पण ते मला निमित्त झालं. तुझी नोकरी टिकावी, असं मलाही वाटत होतं. बाबा उन्हाळ्यापर्यंत निभावतील असं मी धरून चालले. तुझ्या शब्दाआड मी लपले. तेव्हा सगळा दोष एकट्याने उचलू नकोस, माझा वाटा मला दे.

आता हे लिहू की नको, असा चार दिवस विचार केला. पण तू खरं मागावंस आणि मी पुन्हा अर्धंच लिहावं, हे व्हायचं नाही.

ते पत्र पेटीत टाकून घरी आले तर बाबा उठून बसले होते. विचारलं, "मी म्हनलो तसंच लिवलं ना वं?" मी म्हणाले, हो बाबा, जसंच्या तसं. खोटं नव्हतं ते, म्हणूनच आत सलतं. इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी न्हाव्याला बोलावून दाढी करवली, आणि तुझी खाट माळ्यावरून काढायला लावली. त्यानंतर सहा आठवडे दारासमोर रिक्षा थांबली की खोकला दाबून धरायचे, कान द्यायचे आणि मला हाक मारायचे, "पाह्य वं इंदू, आला वाटते श्रीधर."

तुझी खाट अजून घातलेलीच आहे. मार्चमध्ये ये. या 'ये'त दुसरा सूर नाही.
तुझी,
इंदुताई