एका बाजूची धार

९ फेब्रुवारी

सासऱ्यांचा चाकू सापडला! पान्यांच्या डब्यात, रंगानं माखलेला. नवरोबांनी त्यानं रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं होतं म्हणे. धारेला करवतीसारखे दात पडलेत. जन्मभर रोपवाटिकेत कलमं बांधली बाबांनी त्या चाकूनं, आणि लेकानं त्याची ही दशा केली. बोलायचं ते बोलून घेतलं.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबांनी काही म्हणून मागितलं नव्हतं. काल चाकू मागितला. अंगणातला पेरू सासूबाईंनी लावलेला. खोड किड्यानं पोखरलंय, आता एकाच फांदीला पान आहे. बी लावून तेच झाड येत नाही, कलमच हवं — एवढं सांगताना बाबांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. कुंडीत त्यांनी आजारपणाआधीच त्यासाठी एक रोप वाढवून ठेवलंय.

बांधणार कोण, हे कोणी विचारलं नाही. ते डावरे, आणि नेमका डावा हातच गेलाय.

१० फेब्रुवारी

धारेचा दगड आणला. दुकानदार म्हणाला, द्या इकडे, चाकावर चुटकीसरशी लावून देतो. नाही दिला. चाकावर पातं तापतं, असं व्हिडिओत सांगितलंय. शिवाय मला स्वतःलाच धार लावायचीय. हट्टच म्हणायचा!

१२ फेब्रुवारी

ओट्यावर ओलं फडकं, त्यावर दगड. चाकू नीट पाहिला तर धार चक्क तिरपी! एका बाजूला उतार, दुसरी बाजू सपाट. वर्षानुवर्षं एकाच बाजूनं घासलेला दिसतोय. बाबांसारख्या टापटिपीच्या माणसानं हा आळस करावा? असू दे. आपण दोन्ही बाजूंना सारखा उतार काढू.

काळ्या मार्करनं कड रंगवायची आणि घासायची. जिथला रंग जातो तिथंच दगड लागतोय. जमतंय! दात जाईपर्यंत घासायचं म्हणजे मात्र खांद्याचा भुगा.

१३ फेब्रुवारी

कामावर, औषधाच्या दुकानात, दिवसभर माझ्या बोटांकडे बघताहेत गिऱ्हाइकं. काळी कुळकुळीत. एका आजींनी गोळ्यांची पट्टी पदरानं पुसून घेतली.

१५ फेब्रुवारी

झाली धार! वर्तमानपत्र लोण्यासारखं कापलं. ऐटीत बाबांना नेऊन दिला. त्यांनी उजव्या हातात घेतला, उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग 'छान' म्हणाले आणि स्टुलावर ठेवून दिला.

हे 'छान' मी ओळखते. माझ्या पहिल्या स्वयंपाकाला हेच मिळालं होतं.

१६ फेब्रुवारी

वन्संचा फोन. धारेचा पराक्रम सांगितला तर आधी हसल्या, मग एकदम म्हणाल्या, "अगं, तो मुद्दाम तसाच असतो!"

सपाट बाजू लाकडाला टेकते, म्हणून काप सरळ निघतो. कलमाचे दोन काप एकमेकांना चिकटून बसले पाहिजेत, मध्ये फट राहिली की संपलं. आणि बाबा डावरे, म्हणून त्यांचा उतार रोपवाटिकेतल्या सगळ्यांच्या उलट. त्यांच्या चाकूला दुसरं कोणी हात लावायचं नाही, लावून उपयोगच नसायचा.

अंगणातली काटकी कापून पाहिली. मध्ये खोलगट, चमच्यासारखी. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! नवरोबांनी दात पाडले ते परवडले. मी तर चाकूचा स्वभावच बदलला. खूप वाईट वाटतंय. त्यांनी मागून मागितली ती एक वस्तू.

१७ फेब्रुवारी

बाबांची माफी मागितली. होता तसा करून देते म्हटलं. ते रागावले नाहीत. नुसती 'नाही' अशी मान हलवली आणि बोटानं पात्याची दुसरी बाजू दाखवली. उतार इकडे. म्हणजे पूर्वीच्या बरोब्बर उलट.

डॉक्टरांनी बजावलं होतं की गोंधळ होऊ शकतो, म्हणून मी पुन्हा विचारलं. आणि पुन्हा.

"मला डावं-उजवं कळतं अजून."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. उजवा हात! या वयात, उजव्या हातानं नव्यानं! संध्याकाळी नवरोबांना सांगितलं तर ते बेसिनपाशी गेले आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.

१८ फेब्रुवारी

नवरोबांनी व्यायामाचा रबरी चेंडू आणलाय, उजव्या हातात दाबायला. लाल.

२१ फेब्रुवारी

पुन्हा दगड. एक बाजू पार सपाट करायची म्हणजे पातं केवढं झिजवावं लागतं! बाबा स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसतात. माझ्याकडे बघतही नाहीत, नुसता आवाज ऐकतात. "दाबू नकोस." थोड्या वेळानं, "कोन उचलला बघ." आणि खरंच उचललेला असतो. इतकं बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. माझे खांदे मोडले तरी चालतील, पण हे संपू नये असं वाटतंय.

पेरूची पानं गळायला लागलीत. घाई करायला हवी.

२४ फेब्रुवारी

चेंडू खिडकीत पडून आहे. नवरोबा रोज आठवण करतात, बाबा रोज 'हो' म्हणतात. त्यांच्या मागे लागू नका, असं मी बजावलंय.

२६ फेब्रुवारी

जमलं! सपाट बाजू टेकवून काटकी कापली. काप गुळगुळीत, सरळ. बाबांनी तो खिडकीच्या काचेला लावून डोळा बारीक केला. फट नाही. यावेळी 'छान' म्हणाले नाहीत. "आणखी काप," म्हणाले. हात बसेपर्यंत धारेची खात्री होत नाही म्हणे. संध्याकाळपर्यंत काटक्यांचा ढीग झाला.

२ मार्च

सकाळी अंगणात बसलो. शेवटच्या फांदीची काडी काढली, कुंडी जवळ ओढली. मी चाकू उघडून बाबांच्या उजव्या हातात दिला. त्यांनी पातं पाहिलं आणि मूठ माझ्याकडे करून परत दिला.

"मला कशाला? तुझ्या हाताची धार लावून घेतलीय."

मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"काप. मी आहे इथं."

कापलं.