शत्रूंचा तुटवडा

तीर्थस्वरूप ताईस,

प्रभूच्या नावाने सलाम, आणि घरातल्या लहानथोरांना ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे जे काही पोचतं करायचं असेल ते पोचतं कर. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझी वहिनी माझ्यावर हसते आहे, म्हणजे तीही ठणठणीत आहे. का हसते ते सांगायलाच हे पत्र.

झालं असं, की रविवारच्या शाळेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि पाळकसाहेबांची नजर माझ्यावर पडली. मी म्हटलं, साहेब, मी कवळ्या बनवणारा माणूस, माझा संबंध दात पडलेल्यांशी. तर म्हणाले, "मग काहीच अडचण नाही. त्या वर्गात निम्म्यांचे पडलेलेच आहेत."

धडा होता 'मित्र आणि शत्रू'. मित्रांचं पटकन उरकलं. मग मी विचारलं, तुमचा शत्रू कोण? वर्गात एकालाही शत्रू नाही! आता ज्याला शत्रूच नाही, त्याला शत्रूवर प्रेम करायला शिकवायचं कसं? (बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेलं गिऱ्हाईक दुकानात आल्यावर मला असंच होतं.) मी म्हटलं, बाळांनो, नीट आठवा, कुणी ढकललं असेल, कुणी खोडरबर परत दिलं नसेल. झालं! सगळ्यांना भराभर आठवायला लागलं. वर्ग सुटेपर्यंत प्रत्येकाकडे स्वतःचा शत्रू होता, काहींकडे तर राखीवही. मी खूश होऊन गृहपाठ दिला: प्रभूने शिकवलंय तसं, रविवारपर्यंत आपापल्या शत्रूचं काहीतरी भलं करून या.

ताई, मुलांनी गृहपाठ केला! नळ दुरुस्त करणाऱ्याच्या मुलाने आपली नवी रंगपेटी चष्मेवाल्याच्या मुलीला नेऊन दिली. तिने ती घेतली, क्षणभर विचार केला आणि भोकाड पसरलं, "म्हणजे मी तुझी शत्रू?" तिची आई धावून आली आणि तिने त्या पोराला रंगपेटीसकट दाराबाहेर काढलं. नेमका पोराचा बाप तेव्हा त्यांच्याच स्वयंपाकघरात नळ खोलून बसला होता. त्याने सगळं ऐकलं, पाना पिशवीत टाकला आणि तडक घर गाठलं. गच्चीवरच्या टाकीची चावी बंद करायला माणूस सापडेपर्यंत चष्मेवाला कारंज्यावर अंगठा दाबून उभा होता म्हणतात. मग हे लोण घरोघर पोचलं. कुणी बिस्कीट पुढे केलं, की घेणारा आधी विचारायचा, "का? मी काय केलंय?" एका आजीबाईंनी तर शेजारणीने आपणहून दारापुढचा केर काढला म्हणून तिच्याशी बोलणंच टाकलं.

पुढच्या रविवारी वर्गात आईबाप भिंतीला टेकून उभे, त्यांच्यात तुझी वहिनीही, मागच्या बाकावर पाळकसाहेब, आणि पुढे घामाघूम मी. तेवढ्यात एक मुलगी उठली. (तिला सगळे प्रश्नावली म्हणतात. का, ते कळेलच.) म्हणाली, "सर, सगळ्यांनी सगळ्यांनाच द्यायचं. मग कोण शत्रू ते कळणारच नाही."

चष्मेवाल्याच्या बायकोने मान खाली घातली. नळवाला घसा खाकरून चष्मेवाल्याला म्हणाला, "पाना आणलाय. चला, आधी नळ बसवू." पाळकसाहेबांनी प्रश्नावलीचं वाक्य टिपून घेतलं. (संध्याकाळच्या उपदेशात ते त्यांचं स्वतःचं झालं होतं.)

मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर प्रश्नावली उभीच. "सर, तुमचा शत्रू कोण? तुम्ही गृहपाठ केलात?"

ताई, मी दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालतो, पण माझ्या तोंडातून काय निघेल यावर माझा ताबा नाही. "माझे दाजी," असं निघून गेलं. तुझेच यजमान! तुला आठवतंयच, धाकटीच्या लग्नात दाजींनी मी केलेली कवळी सगळ्यांदेखत काढून ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "हं, आता जेवता येईल." तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. मुलांनी ताबडतोब डोळे मिटून दाजींसाठी प्रार्थना सुरू केली. दाजींना चांगली बुद्धी मिळावी एवढंच मी सुचवलं होतं. प्रश्नावलीने आपल्या मनाने पुढे जोडलं, "आणि सरांना नीट कवळी करता येऊ दे." भिंतीला टेकलेल्यांसकट सगळ्यांनी आमेन म्हटलं. सर्वांत मोठ्याने तुझ्या वहिनीने.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. : दाजींना घेऊन ये. हिरड्यांचं माप नव्याने घेतो. मी त्यांचं भलं करतोय असं मात्र बोलू नकोस, ते लगेच अर्थ काढतील. गुडघा दाखवायला चाललोय म्हण.

ता. क. दुसरा : मुलांना सरांचा शत्रू प्रत्यक्ष बघायचा आहे. इथे पोचल्यावर दाजींना सांग, वर्गात निदान सुरुवातीला तरी डोळे वटारून बसा. माझी काळजी वेगळीच आहे. कवळी या वेळी चांगली बसली, तर त्यांना हसल्याशिवाय राहवणार नाही, आणि पोरं म्हणतील, सर, हा तर मित्र आहे, शत्रू कुठाय?