साफ केलेले फोटो

प्रिय ठमे,

गोळ्यांनी ओठ फुटतात, असं आईकडून कळलं. मलम लावत जा आणि रक्ततपासणी चुकवू नकोस. हे सांगायला मला तोंड नाही, तरी सवय जात नाही.

स्टुडिओ बरा चाललाय. काल एक नवरदेव आला होता, कपाळावरचा व्रण घालवून द्या म्हणाला. दिला घालवून. गिऱ्हाइकाला आपण 'फोटो साफ करून देतो' म्हणतो ना, तो शब्द जिभेवर इतका बसला की मुरमांनी तुझा चेहरा भरला तेव्हाही माझं पालुपद तेच: चेहरा साफ ठेव, तळलेलं खाऊ नकोस, वय सरलं की जातील. सारखं तोंड धुऊन तुझी कातडी सोलवटली, तरी मी आपला सांगतोच आहे. परवा तुझ्या डॉक्टरबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, हा अस्वच्छतेचा दोष नाही. गाठी कातडीच्या आत खोलवर होतात, औषध लवकर मिळालं नाही तर खड्डे राहतात. घरात आणखी कुणाला होतं का, असंही विचारलं. मी विषय बदलला.

मग आजार कसा वाढला ते पाहायला त्यांनी जुने फोटो मागितले. फोटोग्राफरच्या मुलीला फोटोंचा काय तोटा! ऐटीत सगळे पाठवले. ते पाहून त्यांनी विचारलं, म्हणजे हे यंदाच सुरू झालं का? तेव्हा ध्यानात आलं, एकही फोटो मी साफ केल्याशिवाय ठेवला नव्हता. मूळ फोटो लगेच पुसायचो, जागा अडते म्हणून. खरं म्हणजे मला ते बघवत नव्हते. शाळेच्या निरोपाचा फोटो हातात घेऊन तू विचारलं होतंस, "बाबा, ही कोण?" तो मी विनोद म्हणून गिऱ्हाइकांना सांगत राहिलो. त्यानंतर तू कॅमेऱ्यासमोर कधी नीट मान वर केली नाहीस.

आता उपचार चालू असेतो दर महिन्याला फोटो काढायचे आहेत, काही न लपवता. तू ते मैत्रिणीकडून काढून घेणार आहेस म्हणे. रास्तच आहे. मी काढू का, असं विचारायचं होतं, पण त्याआधी माझा एक फोटो सोबत पाठवतोय. लग्नाआधीपासून राखलेली दाढी आज उतरवली. खाली तुझ्यासारखेच खड्डे आहेत. आईनेही ते कधी पाहिले नव्हते. तुझं दुखणं कुठून आलं हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, ठमे. फोटोला हात लावलेला नाही. डॉक्टरबाईंना दाखव. हा कोण, असं त्यांनी विचारलं, तर माझे बाबा म्हणून सांगशील ना?

तुझाच, हात आवरलेला,
बाबा